टाळ, टेप आणि एमपीथ्री

मंडळी, आमच्या साखरखेर्ड्याचं नाव इतिहासाच्या पुस्तकात ठळकपणे एकदाच येतं. साल १७२४. निजाम-उल-मुल्क आणि मुबारिझखान यांची लढाई आमच्या शिवारात झाली, मुबारिझखान मारला गेला आणि दख्खनमधली निजामाची सत्ता पक्की झाली. जिंकलेल्या निजामाने गावाचं नाव बदलून फतेहखेर्डा ठेवलं. जुन्या गॅझेटिअरमध्ये ते नाव सापडतंही. पण लोकांच्या तोंडात काही ते बसलं नाही. सिंदखेडराजा तालुक्यातलं हे गाव आजही साखरखेर्डाच आहे.

नाव कागदावर तरी उरलं. आवाज मात्र काहीच उरला नाही. त्या दिवशी तोफा कशा वाजल्या, नौबतीचा ठेका काय होता, पळणारी माणसं कुठल्या बोलीत ओरडली, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. १८७७ साली एडिसनने फोनोग्राफ केला. तोपर्यंत जगातला प्रत्येक आवाज निघाला की हवेत विरून जायचा. म्हणजे आवाज धरून पुन्हा ऐकवता येतो, ही गोष्टच जेमतेम दीडशे वर्षांची.

या दीडशे वर्षांत आवाज धरणारं जे जे यंत्र आलं, त्याने आवाजातलं काहीतरी काढून घेतलं. प्रत्येकाने वेगळं काहीतरी. आज त्याच कापाकापीचा इतिहास सांगायचा विचार आहे. (माझा आवडता विषय, तेव्हा थोडं पाल्हाळ लागणार, सांभाळून घ्या.) तो इतिहास शेवटी आमच्या घरातल्या एका पत्र्याच्या ट्रंकेपाशी येऊन थांबतो. म्हणून नातेवाईक मंडळींनी तरी शेवटपर्यंत वाचावं. शेवटी तुमच्याकडे एक मागणं आहे.

पहिली कापणी वेळेची.

नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्याला आला आणि त्याने गौहरजान यांचं गाणं मुद्रित केलं. तबकडी लाखेची, लाख आपल्याच जंगलातली, छपाई मात्र जर्मनीतल्या हॅनोव्हरला. गाणं संपलं की गौहरजान आपलं नाव इंग्रजीत पुकारायच्या, म्हणजे तिकडच्या कामगाराला कळावं की कोणतं लेबल कुठे चिकटवायचं. तबकडीच्या एका बाजूला मावायची साधारण तीन-साडेतीन मिनिटं. जो राग बैठकीत तासभर चालायचा, तो तीन मिनिटांत आटपायचा. विलंबित गेलं, आलापीचा विस्तार गेला, उरली बंदिश आणि चार ताना.

शिवाय १९२५ पर्यंत मायक्रोफोन नव्हता. गाणाऱ्याने एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचं आणि आवाजाच्या जोराने सुई हलायची. अशा मुद्रणात साधारण अडीच हजार हर्ट्झच्या वरचं फारसं काही यायचंच नाही. माणसाचा कान तरुणपणी वीस हजार हर्ट्झपर्यंत ऐकतो, हे लक्षात घेतलं म्हणजे केवढा भाग बाहेर राहिला ते कळतं. तंबोऱ्याची जवारी म्हणजे जिच्यामुळे तंबोरा हा तंबोरा वाटतो ती झिणझिण. तिचा बराचसा भाग वरच असतो.

काही थोर मंडळी या भानगडीत पडलीच नाहीत. भास्करबुवा बखले १९२२ साली गेले, त्यांची ध्वनिमुद्रिका नाही. अल्लादियाखाँसाहेब १९४६ पर्यंत होते, त्यांचीही नाही. अब्दुल करीमखाँसाहेबांनी मात्र १९०५ च्या सुमाराला आणि पुन्हा १९३० च्या दशकात ध्वनिमुद्रण केलं. परिणाम काय झाला? करीमखाँचा आवाज मी ऐकलाय, तुम्ही ऐकलाय. भास्करबुवांचा आवाज शिष्यांच्या आठवणींत राहिला, आणि ते शिष्यही आता नाहीत. म्हणजे कापलेला का होईना, पण आवाज राहिला तर माणूस राहतो. मी काही यंत्रांच्या विरोधात नाही, हे इथेच सांगून ठेवतो.

याच काळातला केसरबाई केरकरांचा किस्सा तर सगळ्यांना ठाऊक असेल. गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई, अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या. त्यांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या सोन्याच्या मुलाम्याच्या तबकडीवर बसून अंतराळात गेली. भैरवी जेमतेम साडेतीन मिनिटांची आहे, कारण ती मुळात जुन्या तबकडीच्या मापाने गायलेली. गंमत पुढेच आहे. व्हॉयेजरच्या तबकडीत सगळ्या जगाचं संगीत बसवायचं होतं, म्हणून तिचा वेग नेहमीच्या एलपीच्या निम्मा ठेवला. मिनिटाला तेहतीस नव्हे, तर सोळा आणि वर थोडे फेरे. वेग निम्मा केला की जागा दुप्पट मिळते आणि आवाजाचा दर्जा उतरतो. म्हणजे परग्रहवासीयांना पाठवतानासुद्धा जागेसाठी तडजोड चुकली नाही. पहिलं यान निघालं ऑगस्टमध्ये, दुसरं ५ सप्टेंबरला. १६ सप्टेंबर १९७७ ला केसरबाई गेल्या.

दुसरी कापणी रेडिओची.

१ एप्रिल १९५५ ला पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं. गदिमांचे शब्द, बाबूजींचं संगीत, आठवड्याला एक गाणं, अशी छप्पन्न गाणी वर्षभर चालली. रेडिओला हार घालून लोक ऐकायला बसायचे, असं सगळे जुने लोक सांगतात. पण मीडियम वेव्हवर आवाज येतो तो साधारण साडेचार-पाच हजार हर्ट्झपर्यंतच. स्टेशनांची गर्दी होऊ नये म्हणून प्रत्येकाला पट्टाच तेवढा अरुंद दिलेला असतो. शॉर्टवेव्हची कथा आणखी वेगळी. १९५२ पासून रेडिओ सिलोनवर लागणारी बिनाका गीतमाला ज्यांनी ऐकली, त्यांना तो लाटेसारखा वर-खाली होणारा आवाज अजून आठवत असेल. गाणं ऐन रंगात आलं की नेमका आवाज बुडायचा आणि घरातला एक मुलगा रेडिओ उचलून खिडकीकडे धावायचा!

रेडिओने वेळ परत दिला, वरचे स्वर नेले. १९४८ मध्ये अमेरिकेत एलपी आली आणि काही वर्षांनी आपल्याकडेही. तिने एका बाजूला वीस-बावीस मिनिटं दिली. ख्याल पुन्हा ख्यालासारखा ऐकू येऊ लागला. पण एलपी आणि ती वाजवायचं यंत्र हे शहरातल्या पैसेवाल्यांचं काम. आमच्या गावात ती चैन कुणाची?

तिसरं यंत्र आलं ते थेट घरात शिरलं. कॅसेट.

फिलिप्सने १९६३ मध्ये कॅसेट आणली. आपल्या खेड्यापाड्यांत ती ऐंशीच्या दशकात पोचली, आणि पोचली ती धो धो. आखातात किंवा मुंबईत नोकरीला असलेल्या कुणीतरी टू-इन-वन आणायचा आणि अख्खी आळी तो बघायला यायची. कॅसेटची फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर इतकी हळू सरकते, रुंदीला चार मिलिमीटरही नसते. त्यामुळे मागे सतत एक सूऽऽ असा आवाज असतो आणि घरगुती यंत्रावर दहा-बारा हजार हर्ट्झच्या वर फारसं काही उतरत नाही. फीत गुंतली की पेन्सिल घालून गुंडाळायची. चारदा कॉपी केली की गाणाऱ्याला पडसं झाल्यासारखं वाटायचं.

पण कॅसेटने एक मोठी गोष्ट केली, जी त्याआधीच्या कुठल्याच यंत्राने केली नव्हती. लाल आणि काळं अशी दोन बटणं एकदम दाबली की कुणालाही कुणाचाही आवाज धरता यायला लागला. गौहरजान व्हायची गरज उरली नाही. भजनी मंडळातल्या म्हाताऱ्याचाही आवाज उरू लागला.

साखरखेर्ड्यात पलसिद्ध मठ आहे, प्रल्हाद महाराजांचं संस्थान आहे. भजन-कीर्तनाचं वळण गावाला जुनंच. आमचे आजोबा, ज्यांना सगळे अण्णा म्हणायचे, ते आळीतल्या भजनी मंडळात पुढे उभे राहून म्हणायचे. १९८७ च्या कार्तिकात काकड्याच्या वेळी मोठ्या काकांनी टू-इन-वन नेऊन एक साठ मिनिटांची कॅसेट भरली. अण्णा १९९१ ला गेले. त्यांचा आवाज एवढाच.

आता चौथी कापणी, म्हणजे आजचा मुख्य मुद्दा.

१९८२ मध्ये सीडी आली. सीडी आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेते, प्रत्येक नमुना सोळा बिटांचा, आणि डावा-उजवा असे दोन. गुणाकार केला तर सेकंदाला १४ लाख ११ हजार २०० बिट होतात. चार मिनिटांच्या गाण्याला साधारण ४२ एमबी. त्या काळच्या टेलिफोन लायनीवरून हे पाठवायचं म्हटलं तर गाणं चार मिनिटांचं आणि वाट बघायची तासन्‌तास.

जर्मनीत एर्लांगेनला डीटर झाइट्सर नावाचे एक प्राध्यापक होते. टेलिफोनच्या डिजिटल लायनीवरून संगीत पाठवता आलं पाहिजे, हा त्यांचा ध्यास. त्यांचा विद्यार्थी कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग. त्याने आणि तिथल्या फ्राउनहोफर संस्थेतल्या मंडळींनी जे तयार केलं, त्याला १४ जुलै १९९५ ला फाइलीचं नाव मिळालं : एमपीथ्री.

यातली कल्पना मोठी हुशारीची आहे. आधीची यंत्रं आवाज कापायची, कारण त्यांना जमत नव्हतं. एमपीथ्री आवाज कापतं ते ठरवून. माणसाचा कान प्रत्यक्षात काय ऐकतो याचा आधी अभ्यास करायचा, आणि जे कान ऐकत नाही ते टाकून द्यायचं. जत्रेत भोंगा वाजत असताना शेजारचा माणूस कुजबुजला तर ऐकू येतं का? नाही. मोठा आवाज जवळच्या पट्टीतल्या लहान आवाजाला झाकतो. मग झाकलेला आवाज साठवायचा कशाला? असं करत करत १४ लाख बिटांचे १ लाख २८ हजार केले. अकरावा भाग! दहा भाग टाकून दिले आणि ऐकणाऱ्याला वाटतं, काहीच गेलं नाही.

इथेच जुन्या कापण्यांत आणि या कापणीत फरक पडतो. तीन मिनिटांची तबकडी संपली की सगळ्यांना कळायचं, गाणं अर्धं राहिलं. रेडिओ खरखरला की कळायचं, कॅसेटची सू तर कळायचीच. नुकसान डोळ्यांसमोर असायचं, त्यामुळे मूळ गाणं यापेक्षा मोठं आहे हे कुणी विसरत नसे. एमपीथ्रीचं नुकसान कळू नये अशीच त्याची रचना आहे. आणि जे नुकसान कळत नाही, त्याच्यापायी माणूस मूळ वस्तू टाकून देतो.

आता कुणी म्हणेल, कळतच नाही तर बिघडलं काय? प्रश्न बरोबर आहे. सेकंदाला २५६ किंवा ३२० हजार बिट ठेवून नीट केलेली एमपीथ्री आणि सीडी यांतला फरक डोळे मिटून ओळखायला सांगितला, तर बहुतेकांना ओळखता येत नाही. मलाही बहुतेक वेळा येत नाही. साठीनंतर तर वरचे स्वर कानच सोडून देतो. पण बिट कमी केले की फरक पडतो, आणि सगळ्या संगीतावर सारखा पडत नाही.

ब्रांडेनबुर्ग यांनी कस लावायला जी गाणी घेतली, त्यात सुझान व्हेगा या अमेरिकन गायिकेचं एक गाणं होतं. साथ नाही, नुसता आवाज. सुरुवातीला त्या आवाजाची दशा झाली होती म्हणे, मग त्यांनी गणित सुधारत नेलं. युरोपात आवाज तपासायला १९८८ ची एक ठरावीक सीडी वापरत. तिच्यात मुख्यतः पाश्चात्य वाद्यं. त्यातल्या कास्टानेट नावाच्या स्पॅनिश वाद्याने सगळ्यांना घाम फोडला. हातात धरून टक्‌ टक्‌ वाजवायच्या लाकडी टाळ्या त्या. का घाम फोडला ते सांगतो, कारण त्यातच आमच्या टाळांची गोष्ट आहे.

एमपीथ्री आवाजाचे छोटे तुकडे करते. एका तुकड्यात ५७६ नमुने, म्हणजे सुमारे तेरा मिलिसेकंद. कापाकापीमुळे जी थोडी घाण, खरखर तयार होते, ती तुकडाभर पसरते. तुकड्याच्या मध्यावर टाळ वाजला, तर ती खरखर टाळाच्या आधीही ऐकू येऊ लागते! टाळ वाजल्यानंतरची खरखर कान सहज माफ करतो, कारण मोठा आवाज मागे बराच वेळ झाकण घालून ठेवतो. टाळाच्या आधीची मात्र फक्त काही मिलिसेकंदच झाकली जाते. त्यामुळे ‘टण्ण’ऐवजी ‘छ्श्टण्ण’ असं काहीतरी होतं. यावर उपाय केलेला आहे. असा ठोका आला की तुकडा आणखी तीन भागांत तोडायचा. पण त्याला जास्त बिट लागतात. एखादा ठोका असेल तर ठीक. दहा-बारा टाळकरी एका ठेक्यात उभे राहिले, तर प्रत्येक मात्रेला हीच मागणी. आणि बिट मोजकेच असले, तर कुठून आणणार?

त्यात भर कॅसेटच्या सूऽऽची. ज्या आवाजात काही नियम आहे, तो थोडक्यात सांगता येतो. तंबोऱ्याचा एक स्वर लांबला तर गणिताला सोपं जातं. सूऽऽला काही नियमच नाही. तो साठवण्यात बिट खर्च होतात आणि खऱ्या गाण्याला कमी पडतात. मग सगळा आवाज पाण्याखालून आल्यासारखा बुडबुडतो. म्हणजे जुन्या, खराब कॅसेटला एमपीथ्रीत आणखी जपायला हवं. आपण नेमकं उलट करतो. जुनं आहे, कुठे काय कळतंय, म्हणून सगळ्यात लहान फाइल करतो.

आमच्याकडे तेच झालं. २००७ च्या आसपास घरातल्या कुणीतरी अण्णांची कॅसेट शहरातल्या एका दुकानात नेऊन एमपीथ्री करून आणली. सेकंदाला ६४ हजार बिट, म्हणजे सीडीच्या बावीसावा भाग. साठ मिनिटांची कॅसेट २९ एमबीत बसली. दोष कुणाचाच नाही. त्या वेळी मोबाइलचं मेमरी कार्डच केवढं असायचं! दहा-वीस रुपयांत दुकानातून कार्ड भरून आणायचे ते दिवस. कमी जागेत जास्त गाणी, हाच हिशोब. आणि खरं सांगायचं तर त्या फाइलीमुळेच अण्णांचा आवाज पुण्याला, नागपूरला, पार अमेरिकेतल्या पुतण्यापर्यंत पोचला. शेतात पाणी देताना कार्डावरची कीर्तनं ऐकणारी माणसं मी पाहिली आहेत. एमपीथ्रीने खेड्याला जेवढं दिलं, तेवढं कुठल्याच ग्रामोफोन कंपनीने दिलं नाही.

पुढे त्या फाइलीचा प्रवास सुरू झाला. एकाने तिची रिंगटोन केली. दुसऱ्याने तिच्यावर अण्णांचा फोटो चिकटवून व्हिडिओ केला आणि यूट्यूबवर चढवला. तिथे ती पुन्हा दाबली गेली. कुणी तो व्हिडिओ चालू ठेवून दुसऱ्या फोनवर व्हॉइस मेसेज केला. व्हॉट्सअ‍ॅप तो ओपस नावाच्या पद्धतीने दाबतं, जी २०१२ साली प्रमाण झाली. ऐकणाऱ्याच्या कानात ब्लूटूथचं यंत्र असेल, तर तिथे आणखी एकदा. प्रत्येक टप्प्यावर नवं गणित आधीच्या गणिताची खरखर खरं संगीत समजून जपतं आणि उरलेल्या संगीतातलं काहीतरी टाकतं. कॅसेटवरून कॅसेट केल्यासारखंच. फक्त सू वाढत नाही, म्हणून कुणाला शंका येत नाही.

शंका आली ती आमच्या आत्याला. वय वर्षं ८४, हर्ट्झ-बिर्ट्झ तिला काही माहीत नाही. ग्रुपवर आलेला तो तुकडा तिला ऐकवला तर म्हणाली, “आवाज अण्णाचा आहे रे, पण हे टाळ आपल्या मंडळीचे नाहीत. हे तं कोणी पत्र्यावर वाळू टाकून राह्यलं.”

पत्र्यावर वाळू! मी दहा परिच्छेद खर्च केले, तिने दोन शब्दांत सांगितलं.

मग मी ती कॅसेटच मागवली. एका ओळखीच्या माणसाकडे जुना चांगला डेक होता, त्याने हेड साफ करून त्याचा कोन जुळवून दिला. हेडफोन लावून कॅसेट आणि २००७ ची फाइल आळीपाळीने ऐकली. कॅसेटवर सू भरपूर आहे, दोन ठिकाणी फीत चुरगळलेली आहे. पण टाळ हे टाळ आहेत. त्यातला एक जोड किंचित चढा आहे तोही ओळखू येतो. फाइलीत सगळे टाळ मिळून एकच वाळू.

आणि एक गोष्ट सापडली. दुसऱ्या बाजूला एक अभंग संपतो, टाळ अजून घुमत असतात, आणि त्या घुमण्याखाली अण्णा मृदंगवाल्याला हळूच काहीतरी म्हणतात. फाइलीत तिथे नुसती बुडबुड आहे. कॅसेट सहा-सात वेळा मागे-पुढे केल्यावर लागलं : “दम धर गड्या, अजून उजाडलं नाही.”

बस, एवढंच. अभंगाच्या दृष्टीने त्याला किंमत नाही. १९८७ मध्ये तिथे बसलेल्यांतल्या निम्म्यांनी ते ऐकलंही नसेल. एमपीथ्रीच्या गणिताने बरोबर तोच हिशोब केला : मोठ्या आवाजाखाली झाकलेला बारीक आवाज, कान इकडे लक्ष देणार नाही, टाका. गणित चुकलं असं म्हणता येत नाही. पण ते गणित एकदा ऐकणाऱ्या, सर्वसाधारण माणसाच्या कानाचं आहे. नातू जेव्हा आजोबांची एकुलती एक कॅसेट दहाव्यांदा ऐकतो, तेव्हा तो नेमका झाकलेल्या आवाजाकडेच कान लावून बसलेला असतो. अण्णांचं गाणं आमच्याकडे आधीपासून होतं. त्यांचं बोलणं मात्र या सहा शब्दांखेरीज कुठेच नाही.

बाजारातल्या गाण्यांची मला चिंता नाही. त्यांचं मूळ कंपन्यांकडे असतं. एमपीथ्रीचे पेटंट-परवाने २०१७ च्या एप्रिलमध्ये संपले, पद्धत सगळ्यांना मोकळी झाली. आता गाणी बहुतेक ऑनलाइनच ऐकली जातात. तिथे दर्जा नेटवर्क बघून आपोआप कमी-जास्त होतो, त्यामुळे तेच गाणं पुण्यात एक ऐकू येतं आणि गावाकडच्या दोन कांड्यांवर वेगळं. पण मूळ शाबूत असल्यामुळे ते सुधारता येतं. २०२१ च्या जूनमध्ये अ‍ॅपलने कापाकापी न केलेला आवाज ऐकवायला सुरुवात केली, आणि जुनीच गाणी एका रात्रीत पूर्ण झाली. घरच्या कॅसेटचं तसं नाही. तिचं मूळ म्हणजे ती कॅसेटच. ती गेली की बावीसावा भाग हेच पूर्ण.

आता मागणं.

घर पाडून नवीन बांधायचं ठरलंय, चांगलं आहे. माळ्यावरची ट्रंक काढली, त्यात एकंदर अकरा कॅसेटी निघाल्या. अण्णांची एक, बाकी लग्नाच्या, बारशाच्या, एक कुणाच्या तरी कीर्तनाची. ग्रुपवर लगेच निघालं, “एमपीथ्री आहे ना, मग हे कशाला ठेवायचं?” तर कृपा करून टाकू नका. एमपीथ्री एकाच कॅसेटची आहे, आणि ती कशी आहे ते वर सांगितलंच.

करायचं फार काही नाही. कॅसेटी उन्हात, ओलीत आणि स्पीकरच्या जवळ ठेवू नका. कुठल्याही स्वस्त यंत्रात घालून वाजवू नका, जुनी फीत तुटते. मी त्या डेकवर एकेक उतरवून घेतो. ध्वनिसंग्रह सांभाळणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची शिफारस किमान ४८ हजार नमुने आणि २४ बिट अशी आहे, आणि दाबलेली फाइल मूळ म्हणून ठेवू नये असं ते स्पष्ट सांगतात. तासाला साधारण एक जीबी लागते. अकरा कॅसेटींना दहा-बारा जीबी. आज एका लग्नाचे व्हिडिओ याहून जास्त जागा खातात! फ्लॅक नावाची पद्धत २००१ पासून आहे. तिच्यात फाइल बरीच लहान होते आणि एकही बिट जात नाही. अशा प्रती तीन घरांत ठेवू : एक गावी, एक पुण्याला, एक अमेरिकेत. ग्रुपवर पाठवायला त्यातूनच हवी तेवढी एमपीथ्री करा, रिंगटोन करा, माझी काही हरकत नाही. मूळ तेवढं मूळ राहू द्या.

इतर वाचकांनाही हेच सांगणं. तुमच्याही माळ्यावर अशी एखादी ट्रंक असेल. त्यातल्या माणसाने कधी कर्ण्यात तोंड घातलं नसेल, त्याचं नाव गॅझेटिअरमध्ये यायचं नाही. त्याचा आवाज धरणारी एवढी एकच फीत असेल, आणि फीतही आता चाळिशीला आली.

असो. लेख फारच लांबला. काकू, पुढच्या महिन्यात मी गावी येतोय. तोवर ट्रंक खाली आणली असेल तर देवघराच्या खोलीत ठेवा, तिथे ओल नाही. आणि आत्याला म्हणावं, या खेपेला टाळ ऐकवतो, वाळू नाही.